समजून घ्या : जुन्या डायनरमधला हॅम्बर्गर इतका पातळ का असायचा? घरच्या तव्यावर तो कसा जमतो?

बर्गर म्हटले की हल्ली डोळ्यांसमोर येतो तो एक मनोरा. मधोमध जाडजूड पॅटी, बाजूने सॉसचे ओघळ आणि सगळे कोसळू नये म्हणून वरून खोचलेली काडी. अमेरिकेतल्या जुन्या डायनरमधला हॅम्बर्गर असा नव्हता. तो एका हातात मावायचा, मोजक्या सेंटमध्ये मिळायचा आणि त्यातली पॅटी इतकी पातळ असायची की तिच्या कडा जाळीसारख्या कुरकुरीत व्हायच्या. गेल्या काही वर्षांत ‘स्मॅश बर्गर’ या नव्या नावाने तोच जुना प्रकार मुंबई-पुण्यातल्या मेन्यूंवरही दिसू लागला आहे. साहित्य मोजके असल्याने अनेकजण तो घरी करून पाहतात. मात्र दोन प्रश्नांवर गाडी अडते. डायनरसारखी चव का येत नाही? आणि खिमा आतून नीट शिजला हे ओळखायचे कसे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी एकाच गोष्टीत आहेत, ती म्हणजे पॅटीची जाडी.

डायनर म्हणजे नेमके काय?

डायनरची सुरुवात एका घोडागाडीपासून झाली, असे मानले जाते. १८७२ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा विक्रेता गाडीतून सँडविच, पाय आणि कॉफी विकू लागला. त्याचे गिऱ्हाईक होते रात्रपाळीचे लोक. त्यात वर्तमानपत्राच्या कचेरीतले कर्मचारीही होते. रात्री बाकीची उपाहारगृहे बंद असत, त्यामुळे गाडी चालली.

पुढे या गाड्या मोठ्या झाल्या, आत बसायला जागा आली आणि त्या कारखान्यात तयार करून गावोगावी नेऊन ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांचा आकार रेल्वेच्या भोजनडब्यासारखा असे. इंग्रजीत त्या डब्याला ‘डायनिंग कार’ म्हणतात, त्यावरूनच ‘डायनर’ हे नाव रूढ झाले. आत एक लांब काउंटर, समोर स्टुलांची रांग आणि काउंटरपलीकडे पोलादाचा मोठा सपाट तवा. त्याच तव्यावर अंडी, बटाटे, पाव आणि मांस असे सगळे एकामागोमाग एक व्हायचे. गिऱ्हाइकाकडे वेळ कमी आणि पैसे त्याहून कमी. लवकर शिजणारा आणि स्वस्तात होणारा पदार्थ अशा ठिकाणी चालणारच होता.

हॅम्बर्गर मुळात आला कुठून?

नावात ‘हॅम’ असले तरी हॅम्बर्गरमध्ये डुकराचे मांस नसते. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावरून आले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खिम्याच्या चपट्या वडीला ‘हॅम्बर्ग स्टेक’ म्हणत. ती पावात घालून पहिल्यांदा कोणी विकली, यावर एकमत नाही. विस्कॉन्सिनमधले सीमोर, कनेटिकटमधले न्यू हेवन, टेक्सासमधले अथेन्स अशी अनेक गावे हा मान आपल्याकडे असल्याचे सांगतात. वाद मिटलेला नाही आणि मिटण्याची चिन्हेही नाहीत.

मग लोक हॅम्बर्गरला घाबरत का होते?

कारण खिम्यात काय मिसळले आहे हे दिसत नाही. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपात आली. शिकागोच्या मांस कारखान्यांतील घाण आणि कामगारांचे हाल त्यात होते. वाचक हादरले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. तरीही खिम्याबद्दलचा संशय बराच काळ टिकला. उरलेसुरले, शिळे मांस खपवण्याची जागा म्हणजे हॅम्बर्गर, असा समज होता.

हा समज बदलण्यात कॅन्सस राज्यातील विचिटा शहराचा मोठा वाटा आहे. तिथे वॉल्टर अँडरसन हा स्वयंपाकी १९१६ पासून हॅम्बर्गर विकत होता. १९२१ मध्ये बिली इंग्रम या व्यावसायिकासोबत त्याने ‘व्हाइट कॅसल’ सुरू केले. नाव पांढरे, इमारत पांढरी, आत चकचकीत स्टील, कर्मचाऱ्यांचे कपडे स्वच्छ आणि तवा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. किंमत ५ सेंट. जे खाणार ते समोर शिजताना दिसते, हीच त्यांची जाहिरात होती.

इंग्रम तेवढ्यावर थांबले नाहीत. १९३० मध्ये त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग करवून घेतला. त्यात एका विद्यार्थ्याने १३ आठवडे फक्त व्हाइट कॅसलचे बर्गर आणि पाणी यांवर काढले. त्याची प्रकृती ठणठणीत राहिल्याचे कंपनीने पुढे मिरवले. एकाच माणसावरचा, कंपनीच्याच पैशातून झालेला हा प्रयोग आज कोणी पुरावा म्हणून स्वीकारणार नाही. पण खिम्याची भीती घालवायला काय काय करावे लागले, ते यातून कळते.

कांद्याचा बर्गर हा काय प्रकार आहे?

ओक्लाहोमा राज्यातले एल रीनो हे छोटे गाव कांद्याच्या बर्गरसाठी ओळखले जाते. १९२२ मध्ये अमेरिकेत रेल्वे कारखान्यांतील कामगारांचा मोठा संप झाला. एल रीनो हे रेल्वेचे गाव. हातात पैसा नव्हता आणि मांस महाग होते. तेव्हा तिथल्या उपाहारगृहांनी मांस कमी करून त्यात मूठभर कांदा दाबून भरायला सुरुवात केली, अशी हकीकत सांगितली जाते. बर्गर मोठा दिसू लागला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

टंचाईतून आलेली ही युक्ती चवीची ठरली. अगदी पातळ चिरलेला कांदा मांसात दाबला की मांसातून सुटणाऱ्या चरबीत तो परततो. कांद्यातली साखर तपकिरी होते आणि त्याच्या वाफेत वरचा पाव मऊ होतो. संप संपला, दिवस पालटले, पण एल रीनोमधला कांद्याचा बर्गर राहिला. आजही लोक तो खायला मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जातात.

पातळ पॅटीला इतकी चव कशी येते?

मांस, पाव किंवा कांदा भाजल्यावर जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, त्यामागे ‘मेलार्ड अभिक्रिया’ असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. प्रथिनांमधली अमिनो आम्ले आणि साखर यांच्यातली ही प्रक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते.

अडचण असते पाण्याची. मांसात बरेच पाणी असते आणि पाणी १०० अंशांवर उकळते. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान तिथेच अडकते. तवा पुरेसा तापलेला नसेल तर खिमा भाजला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. मग करडा रंग आणि सपक चव येते. घरच्या बर्गरची सर्वात जास्त आढळणारी चूक हीच.

जाड पॅटीत तपकिरी थर वर आणि खाली एवढाच. मधला सगळा भाग नुसता शिजलेला. तेच मांस दोन पातळ पॅट्यांमध्ये विभागले की तपकिरी पृष्ठभाग जवळपास दुप्पट होतो. शिवाय गोळा तव्यावर दाबला की मधल्या फटी जातात आणि खिम्याचा कण न् कण गरम लोखंडाला चिकटतो. डायनरच्या बर्गरची चव मसाल्यातून येत नाही, ती या चिकटण्यातून येते.

पण दाबल्याने रस निघून जात नाही का?

जातो, पण तो उशिरा दाबल्यावर. फ्रिजमधून काढलेल्या खिम्यातली चरबी घट्ट असते आणि मांसातले पाणीही अजून सुटलेले नसते. त्यामुळे तव्यावर ठेवल्यानंतर पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबले तर रस वाया जात नाही. नंतर चरबी वितळते आणि प्रथिने आकसून पाणी बाहेर ढकलू लागतात. तेव्हा उलथन्याने दाबले की चर्र आवाज येतो. तो आवाज कानाला बरा वाटला तरी प्रत्यक्षात बर्गरमधला रस तव्यावर जळत असतो. म्हणून दाबायचे ते एकदाच आणि सुरुवातीलाच.

खिमा आतून कच्चा राहिला तर धोका किती?

अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जिवाणू असले तर ते प्रामुख्याने बाहेरच्या बाजूला असतात. बाहेरून नीट भाजले की ते मरतात. खिम्याचे तसे नाही. यंत्रातून जाताना बाहेरची बाजू आत मिसळते आणि जिवाणूही आतपर्यंत पोहोचतात. मोठ्या कारखान्यात तर एकाच घाण्यात अनेक जनावरांचे मांस एकत्र होते.

याची किंमत अमेरिकेने १९९३ मध्ये मोजली. एका साखळी उपाहारगृहातील अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ‘ई. कोलाय ओ१५७ : एच७’ या घातक जिवाणूची लागण झाली. ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. हा जिवाणू लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर घाला घालू शकतो. या घटनेनंतर १९९४ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने बीफच्या खिम्यात हा जिवाणू आढळल्यास तो माल भेसळयुक्त ठरेल, असे जाहीर केले.

अमेरिकी कृषी खात्याच्या निकषानुसार बीफ, मटण किंवा पोर्कचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि चिकनचा खिमा ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. केवळ रंगावर विसंबणे चुकीचे आहे. काही पॅट्या पुरेशा तापण्याआधीच आतून तपकिरी होतात, तर काही पूर्ण शिजूनही गुलाबी राहतात.

इथे जुन्या डायनरची पद्धत मदतीला येते. जाड पॅटी आतून ७१ अंशांवर नेईपर्यंत बाहेरून कोरडी पडते, म्हणून लोक ती आतून गुलाबी ठेवण्याचा मोह धरतात. अर्ध्या सेंटिमीटरच्या पॅटीत असा पेच उरतच नाही. बाहेरचा थर खमंग होईपर्यंत आतला भागही शिजतो. जास्तीचे एक मिनिट दिले तरी चरबीमुळे ती चामड्यासारखी होत नाही.

मांस कोणते घ्यावे?

अमेरिकेत यासाठी बीफच्या खांद्याकडच्या भागाचा खिमा वापरतात. त्यात साधारण ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी असते. चरबी हाच या बर्गरचा कणा. तिच्यातच पॅटी भाजली जाते, कडा कुरकुरीत होतात आणि वेगळे तेल लागत नाही.

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. शिवाय बीफ न खाणारी घरे कितीतरी. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आले तेव्हा त्यांनीही बीफ आणि पोर्क मेन्यूबाहेरच ठेवले होते. त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात मांस बदलावे लागते. पद्धत मात्र तीच ठेवता येते.

मटण : बोकडाच्या मटणात चरबी कमी असते. खिमा करतानाच खाटकाला वेगळी चरबी घालायला सांगावे. अर्धा किलो खिम्यात ८० ते १०० ग्रॅम चरबी पुरते. बोल्हाईचे, म्हणजे मेंढीचे, मटण जास्त चरबीदार असल्याने बर्गरला अधिक जुळते.

म्हशीचे मांस : चव बीफच्या सर्वात जवळची, पण चरबी कमी. इथेही चरबी वेगळी घालावी लागते.

चिकन : छातीचा खिमा कोरडा पडतो. मांडीचे मांस घ्यावे आणि अर्ध्या किलोला दोन चमचे गार लोणी किसून घालावे. चिकनवर तपकिरी थर थोडा कमी येतो, म्हणून कांद्याचा बर्गर करणे चांगले.

खिमा खूप बारीक, पेस्टसारखा नको. यंत्रातून एकदाच काढलेला आणि कण दिसतील असा हवा. तो घरी आणून धुऊ नये. धुतल्याने जिवाणू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. पाणी शोषलेला खिमा भाजतही नाही. पाण्याने काही धुवायचेच असेल तर मांस अख्खे असताना खाटकाकडेच धुऊन घ्यावे आणि खिमा करण्यापूर्वी पूर्ण निथळू द्यावे.

मसाला, अंडे, ब्रेडचा चुरा काय घालायचे?

काहीच नाही. आपल्याकडे खिमा म्हटला की हात आपोआप आले-लसणाकडे जातो. सीख कबाबाचा खिमा मीठ घालून चांगला मळतात, कारण तो सळईवर टिकायला हवा. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात आणि एकमेकांना चिकटतात, त्यातून घट्ट आणि लवचिक पोत येतो. डायनरच्या बर्गरला नेमके उलटे हवे असते. खिमा सैल राहिला तरच घास सहज सुटतो. त्यामुळे मळायचे नाही, आत मीठही घालायचे नाही. मीठ आणि मिरपूड गोळा दाबून झाल्यावर वरून.

कोणता तवा चालेल?

डायनरचा पोलादी तवा जाड असतो. गार मांस पडले तरी त्याचे तापमान फारसे उतरत नाही. घरी त्याच्या जवळ जातो तो बिडाचा किंवा भाकरीचा जाड लोखंडी तवा. पातळ अॅल्युमिनियमचा तवा लगेच थंड होतो. नॉनस्टिक तवा इथे नकोच. इतक्या आचेवर रिकामा तापवल्यास त्याचा थर खराब होऊन घातक धूर निघू शकतो आणि पॅटी खरवडताना तो थर निघण्याची भीती असते.

सोबत हवे एक रुंद, धारदार कडेचे स्टीलचे उलथने, दाबण्यासाठी सपाट बुडाचे जड भांडे आणि बटर पेपरचे चौकोनी तुकडे. धूर होणारच, त्यामुळे खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट सुरू असावा. चरबीने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करून तव्यावर झाकण ठेवावे.

प्रत्यक्ष कृती काय?

हे प्रमाण चार जणांसाठी, प्रत्येकी एक डबल बर्गर असे आहे.

साहित्य : चरबीसह खिमा ४५० ग्रॅम, छोटे मऊ बन ४, चीज स्लाइस ४ ते ८, एक मोठा कांदा, मीठ, मिरपूड, थोडे लोणी, मस्टर्ड, व्हिनेगरमधली काकडी.

१. खिम्याचे ८ भाग करावेत. प्रत्येक भाग सुमारे ५५ ग्रॅमचा होतो, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. हलक्या हाताने गोळा करून फ्रिजमध्ये ठेवावा. तवा तापल्यावरच बाहेर काढावा.

२. बनला आतून लोणी लावून मध्यम आचेवर भाजून बाजूला ठेवावेत. भाजलेली बाजू मांसाचा रस लवकर शोषत नाही, त्यामुळे बन ओला होऊन फाटत नाही.

३. आता आच मोठी करून तवा पाच-सात मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता चरचरला तर अजून थांबावे. थेंब गोळी होऊन पळू लागला की तवा तयार. तेलाचा बोळा फक्त एकदा फिरवावा.

४. दोन गोळे अंतर ठेवून तव्यावर ठेवावेत. वर बटर पेपर ठेवून भांड्याने सरळ खाली दाबावे आणि दहा सेकंद दाब तसाच ठेवावा. पॅटी साधारण १० सेंटिमीटर रुंद व्हावी. ती शिजताना आकसते, म्हणून सुरुवातीला बनपेक्षा किंचित मोठी हवी. कडा वेड्यावाकड्या झाल्या तर उत्तमच, त्याच आधी कुरकुरीत होतात.

५. कागद काढून मीठ-मिरपूड घालावी. त्यानंतर दीड ते दोन मिनिटे पॅटीला हात लावू नये. कडा गडद तपकिरी दिसल्या आणि वर रसाचे थेंब आले की उलटण्याची वेळ झाली.

६. उलथन्याची धार तव्याला टेकवून, पॅटीखालचा तपकिरी थर खरवडत उचलावा. तो थर तव्यावर राहिला तर सगळी चव तिथेच राहते.

७. उलटल्यावर लगेच चीज ठेवावे. एक मिनिटात चीज वितळते आणि पॅटी पूर्ण शिजते. चिकन असेल तर आणखी एक मिनिट द्यावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर त्याचे टोक पॅटीच्या कडेतून आडवे आत घालून तापमान पाहावे.

८. एकावर एक दोन पॅट्या, वर काकडी आणि मस्टर्ड. पुढच्या जोडीआधी तवा खरवडून पुन्हा दोन मिनिटे तापवावा.

कांद्याचा बर्गर करायचा तर कांदा कागदासारखा पातळ चिरावा. गोळ्यावर चांगला मूठभर कांदा ठेवून मग दाबावे. उलटल्यावर कांदा खाली जातो. तेव्हा आच मध्यम करावी, चीज ठेवून त्यावर बन पालथा ठेवावा आणि तीन-चार मिनिटे द्यावीत. मोठ्या आचेवर कांदा जळून कडू होतो.

पाव आणि चीज साधेच का हवे?

डायनरचा बन मऊ, किंचित गोडसर आणि छोटा असतो. चावताना पाव आधी दबायला हवा. ब्रूनसारखा कडक पाव घेतला तर चावताना पॅटीच मागून बाहेर येते. छोटे बन मिळाले नाहीत तर ताजा लादीपाव चालतो. त्यात ४० ग्रॅमची एकच पॅटी घालावी. मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात १५ सेंटचा हॅम्बर्गर विकायला काढला. पुढे या साखळीच्या साध्या हॅम्बर्गरमध्ये एका पौंडाला १० पॅट्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५ ग्रॅम, असे प्रमाण ठरले. त्यामुळे लादीपावातला छोटा बर्गर मूळ पदार्थापासून फार दूर नाही.

चीजही महागडे नको. जुने चेडर तापवले की त्यातली चरबी सुटून वेगळी होते आणि उरलेले चीज दाणेदार बनते. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात. ते चीजमधले कॅल्शियम बांधून ठेवतात, त्यामुळे चरबी आणि पाणी एकजीव राहतात आणि चीज सॉससारखे वितळते. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये अशा चीजच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या चीज स्लाइसही याच प्रकारातल्या.

घरी कोणती काळजी घ्यावी?

- खिमा बाजारातून आणताना शेवटी घ्यावा आणि लगेच ४ अंश किंवा त्याखालच्या तापमानाला ठेवावा. तो एक-दोन दिवसांत संपवावा किंवा फ्रीझरमध्ये टाकावा.
- गोठवलेला खिमा ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवून सुटा करावा.
- कच्चा खिमा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष पाळावे.
- कच्च्या गोळ्यांची ताटली शिजलेल्या पॅटीला वापरू नये. खिमा हाताळल्यावर साबणाने हात धुऊन मगच बन आणि काकडीला हात लावावा.
- लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी पॅटी अर्धकच्ची ठेवण्याचा प्रयोग करू नये.

सगळ्यांना एकदम वाढता येईल का?

घरच्या तव्यावर एका वेळी दोनच पॅट्या नीट भाजल्या जातात. चार कोंबल्या तर तवा थंड होतो आणि पुन्हा खिमा उकडू लागतो. सगळे बर्गर करून झाकून ठेवले तर वाफेने कुरकुरीत कडा मऊ पडतात. डायनरमध्ये हा प्रश्न कधी आलाच नाही. तव्यावरून उचललेला बर्गर हातभर अंतरावरच्या गिऱ्हाइकापुढे जायचा आणि बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहायचे. घरीही थालीपीठ असेच खाल्ले जाते. एकाचे ताट भरते, तोवर दुसऱ्याचे तव्यावर असते. करणाऱ्याने मात्र शेवटचे दोन गोळे स्वतःसाठी राखून ठेवावेत. तोवर तवाही सर्वात चांगला तापलेला असतो.